हादरा किती वेळ होता?

लिस्बनमध्ये टाइलांचं एक राष्ट्रीय संग्रहालय आहे, एका जुन्या मठात. तिथे सुमारे २३ मीटर लांबीचं एक चित्र आहे, पांढऱ्या चकचकीत टाइलांवर निळ्या रंगात काढलेलं. १७०० सालच्या सुमारास नदीतून पाहणाऱ्याला लिस्बन कसं दिसायचं, ते त्यात आहे. काठाशी राजवाडा आणि त्याचा चौकोनी बुरूज, मागे चर्चची शिखरं, टेकड्यांवर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं, पाण्यात गलबतं. एका नजरेत ते मावत नाही, चालत चालतच पाहावं लागतं. मी तेजो नदीचा काठ आदल्या दिवशीच पायाखाली घातला होता, तेव्हा साहजिकच ओळखीच्या खुणा शोधू लागलो. फारच थोड्या सापडल्या. राजवाडा तर शहरात कुठेच नाही, तो त्या टाइलांवरच उरला आहे.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. कॅथलिकांचा सर्व संतांचा सण. सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही, वेदींवर मेणबत्त्यांच्या रांगा, घराघरांत सणाच्या स्वयंपाकाच्या चुली. त्या वेळी पोर्तुगालच्या नैर्ऋत्येला अटलांटिकच्या तळाशी जमीन सरकली. आजचे अभ्यासक त्या भूकंपाची तीव्रता साडेआठ ते नऊच्या दरम्यान धरतात. हादरे थांबून थांबून आले आणि मिनिटांत मोजावे इतके चालले. शहरभरच्या घंटा आपोआप वाजू लागल्याचं वाचलेल्यांनी लिहून ठेवलंय. दगडी छतं खालच्या माणसांवर आली. जे बाहेर पडू शकले ते धुळीच्या अंधारातून नदीकडे धावले, कारण मोकळं आकाश तिथेच होतं. काठाला नवा, भक्कम दगडी धक्का होता. माणसं त्यावर गोळा झाली. तासाभराच्या आत नदी मागे ओढली गेली, तळाचा चिखल उघडा पडला, आणि मग समुद्र आत आला. धक्का माणसांसकट गेला. वर शहरात कलंडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग धरली होती. ती पाच-सहा दिवस विझली नाही.

दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात किती माणसं मेली, याचे अंदाज १० हजारांपासून ६० हजारांपर्यंत आहेत. ३० ते ४० हजार हा आकडा जास्त वेळा भेटतो. मोरोक्कोतली शहरंही त्याच हादऱ्याने कोसळली. समुद्राची लाट कॅरिबियन बेटांपर्यंत पोचली. स्कॉटलंडातल्या तळ्यांचं पाणी वारा नसताना हेलकावलं.

घंटांवर माझं मन जरा जास्त वेळ थांबतं, त्याला कारण आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे तिच्यावर १७२१ साल आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची. लिस्बनच्या मनोऱ्यांतल्या कितीतरी घंटा त्या सकाळी मनोऱ्यांसकट खाली आल्या. आपल्याकडे आलेल्या मात्र अजून वाजतात. आता हा निव्वळ योगायोग. त्यातून अर्थ काढायला बसू नये, हे मला कळतं. पण गोदावरीकाठी ती घंटा ऐकताना लिस्बन आठवू नये, एवढं काही मन शिस्तीचं नसतं.

राजा पहिला जुझे आणि त्याचं कुटुंब वाचलं. सकाळची मिस्सा उरकून ते शहराबाहेर बेलेंला गेले होते. त्यानंतर राजाने दगडी छताखाली झोपणंच सोडलं. अजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकूड आणि कापडाचा एक वाडाच्या वाडा उभा राहिला आणि १७७७ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला. युरोपातल्या श्रीमंत दरबारांपैकी एकाचा कारभार वीस-एकवीस वर्षं असा राहुट्यांतून चालला. याला भित्रा म्हणून हसणाऱ्यांचे लेख मी वाचलेत. मला त्या राजाचं हसू येत नाही. त्याने आणखी काही शहाणपण दाखवलं असेल-नसेल, पण छत पडतं ही गोष्ट त्याच्या पक्की लक्षात राहिली.

नदीकाठच्या मूळ राजवाड्याबरोबर जे गेलं त्याचा हिशेब वेगळा. सुमारे ७० हजार ग्रंथांचं राजग्रंथालय, तित्सियानो आणि रूबेन्सची चित्रं, आणि त्या वसंत ऋतूत उघडलेलं, जेमतेम सात महिने जगलेलं ऑपेरागृह. शेजारीच कासा द इंडिया होती, म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराची कचेरी. मिरी, दालचिनी, घोडे, जहाजं, त्यांवरची माणसं, दस्तुऱ्या आणि दंड, सगळ्याची दप्तरं तिथे होती. वास्को द गामापासूनच्या सफरींचे कागद त्यात जळाले. आपल्या किनाऱ्याच्या सोळाव्या शतकावर काम करणारा माणूस केव्हा ना केव्हा या सकाळपाशी येऊन अडतो. चौल, दाभोळ, गोवा इथे कुणी काय पिकवलं, कुणाला काय विकलं, कुणी कुणाला बुडवलं, याचे पुरावे लिस्बनमध्ये जपून ठेवले होते, आणि नेमके म्हणूनच ते गेले.

तरी सगळं गेलं नाही, आणि ते का गेलं नाही याची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत प्रिय आहे. राज्याचा मुख्य दप्तरखाना साँव जॉर्जच्या किल्ल्यावरच्या एका बुरुजात होता, तोर्रे दो तोंबोत. बुरूज ढासळला. पण किल्ला उंचावर, आग तिथवर पोचली नाही. दप्तराचा प्रमुख होता मानुएल द माया. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, आणि तोच राज्याचा प्रमुख अभियंताही. या म्हाताऱ्याने ढिगाऱ्याखालून कागद उपसून काढवले, किल्ल्याच्या मैदानात लाकडी खोपटं घालून त्यांत ठेवले, आणि १७५७ मध्ये एका मठात नेईपर्यंत सांभाळले. त्याच काळात त्याने नव्या शहरासाठी पर्याय मांडणारा प्रबंध लिहिला. जुनंच जसंच्या तसं बांधायचं, गल्ल्या रुंद करायच्या, की ढिगारा सपाट करून सगळं नव्याने आखायचं, की शहरच दुसरीकडे हलवायचं, असे मार्ग त्याने एकेक करून तपासले. आपल्याकडे अभिलेखागाराचा अधिकारी आणि बांधकाम खात्याचा मुख्य अभियंता एकाच खोलीत बसून चहा पितानाही दिसायचे नाहीत. इथे ती दोन्ही माणसं एकाच अंगरख्यात होती.

आणि गोव्यातले कागद वाचले ते निव्वळ अंतरामुळे. लिस्बनचा राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांचा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून होई, म्हणून त्याच्या खंडांना ‘मोसमांची पुस्तकं’ असं नाव पडलं. ती गोव्यात होती, म्हणून राहिली. पुढे १७७०च्या दशकात त्यांतले काही खंड लिस्बनला नेले गेले; बाकीचे आजही गोव्याच्या अभिलेखागारात आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरांत आयुष्य घालवलं आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास आपल्याला मिळाला. लिस्बनला सारं एकाच ठिकाणी नीट रचून ठेवण्याची हौस आणखी वीस-पंचवीस वर्षं आधी सुचली असती, तर पिसुर्लेकरांच्या हाती काय लागलं असतं?

ती जहाजं साधारण मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून सुटत आणि पावसाळा संपता संपता मांडवीत शिरत. भूकंपाच्या पुढच्याच वर्षी, २८ जून १७५६ ला, गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्हा फोंड्याजवळच्या मर्दनगडावर मराठ्यांशी लढताना मारला गेला. जहाजांच्या नेहमीच्या वेळापत्रकाने पाहिलं, तर तो ज्या राजधानीसाठी लढत होता ती आठ महिन्यांपूर्वीच पडली होती आणि तिची सविस्तर हकिकत घेऊन येणारी डाक अजून समुद्रात असायची. मला हे दृश्य कुठल्याही इतिहासग्रंथातल्या विश्लेषणापेक्षा साम्राज्याबद्दल जास्त सांगतं.

युरोपात मात्र बातमी दोन-तीन आठवड्यांत पसरली आणि विचारवंतांची झोप उडाली. हे जग देवाने शक्य तितकं चांगलं रचलंय, असं मानणाऱ्या तत्त्वज्ञानाची तेव्हा चलती होती. व्हॉल्टेअरने त्यावर भूकंपाची कविता लिहून चढाई केली, मग १७५९ मध्ये ‘काँदीद’ ही कादंबरी आली. त्यात नायक भूकंपाच्याच वेळी लिस्बनला पोचतो. कोनिग्सबर्गमध्ये बसून तरुण कांटने १७५६ मध्ये भूकंपांवर तीन निबंध लिहिले. जमिनीखालच्या पोकळ्यांतले वायू पेटतात, हा त्याचा सिद्धान्त साफ चुकीचा निघाला, पण कारण जमिनीखाली शोधायचं हे त्याने ठरवलं होतं. फ्रँकफर्टमध्ये सहा वर्षांच्या गटेची देवावरची श्रद्धा डळमळली. त्याने ते म्हातारपणी आत्मचरित्रात नमूद केलं.

मला यांतला रूसो पटतो. व्हॉल्टेअरची कविता वाचून त्याने त्याला पत्र लिहिलं, ऑगस्ट १७५६ मध्ये. मुद्दा असा, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं एका ठिकाणी निसर्गाने बांधली नव्हती. माणसं पांगून राहिली असती, घरं हलकी असती, पहिल्या हादऱ्यासरशी चीजवस्तू गोळा करायला कुणी मागे थांबलं नसतं, तर इतकी माणसं मेली नसती. व्हॉल्टेअर आकाशाकडे बोट दाखवून रडत होता, रूसोने घराच्या भिंतीकडे पाहिलं. आज आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्याही वर्गात जे शिकवतात, त्याचं बीज या पत्रात आहे. रूसोने स्वतः शहरं आवडत नसल्याच्या सुरात ते लिहिलं, ही त्याची नेहमीची खोड.

पण तत्त्वज्ञ काय म्हणाले यावर हव्या तेवढ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. मला लिस्बनकडे पुन्हा पुन्हा ओढून नेते ती एक सरकारी प्रश्नावली.

सेबाश्तियाँव जुझे द कार्व्हाल्यो, ज्याला जग पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखू लागलं, तो तेव्हा राजाचा एक मंत्री होता. भूकंपाने त्याला राज्याचा खरा धनी केलं. पहिल्या दिवसांत त्याने प्रेतं तराफ्यांवर चढवून नदीच्या मुखापलीकडे समुद्रात सोडायला लावली, म्हणजे रोगराई पसरू नये. धान्याचे भाव बांधले. लुटारूंसाठी शहराच्या टेकड्यांवर फाशीचे खांब उभे केले, सहज दिसतील असे. हे झाल्यावर त्याने राज्यातल्या सगळ्या पॅरिशांकडे प्रश्न पाठवले. हादरा किती वेळ होता? धक्का एका बाजूने जास्त जाणवला का? किती घरं पडली, किती माणसं मेली? समुद्र आधी चढला की आधी ओसरला, आणि नेहमीपेक्षा किती? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काही बाहेर आलं का? विहिरींचं, झऱ्यांचं पाणी बदललं का? आग लागली का, किती दिवस जळली? अन्नाची टंचाई झाली का?

या यादीत देव नाही. पाप नाही, शिक्षा नाही. आणि उत्तरं देणार होते गावोगावचे पाद्री, ज्यांनी आदल्याच रविवारी व्यासपीठावरून पाप आणि शिक्षाच सांगितली असणार. मला कल्पना करायला आवडतं की एखादा म्हातारा पाद्री तो कागद घेऊन आधी गोंधळला असेल आणि मग दिवा घेऊन विहिरीपाशी गेला असेल. त्यांनी उत्तरं लिहिली. आजच्या भूकंपशास्त्रज्ञांना १७५५ च्या भूकंपाचा नकाशा मांडता येतो तो पुष्कळसा त्या उत्तरांच्या आधाराने. पुढे १७६० मध्ये इंग्लंडात जॉन मिशेलने, भूकंप लाटांसारखा जमिनीतून पसरतो, हे मांडलं, तेही लिस्बनच्या वेळांचा मेळ घालूनच.

इथे गोष्ट संपवली तर ती बुद्धीच्या विजयाची सुबक गोष्ट होते. तशी ती नाही. गाब्रिएल मालाग्रिदा नावाचा वृद्ध जेझुइट १७५६ मध्ये एक पत्रक छापून म्हणाला, की भूकंप पापांमुळेच झाला. निसर्गाची कारणं सांगून लोकांना प्रायश्चित्तापासून दूर नेऊ नका. पोंबालला हे सहन होणं शक्य नव्हतं, कारण प्रायश्चित्त करत बसलेली माणसं ढिगारे उपसत नाहीत. मालाग्रिदाला आधी शहराबाहेर घालवलं, मग तुरुंगात टाकलं आणि १७६१ मध्ये लिस्बनच्या भर चौकात, इन्क्विझिशनच्याच हातून, गळा आवळून मारून जाळलं. विवेकाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे गोडवे गातात त्याने आपल्या विरोधकाला धर्मन्यायालयाकडून जाळवलं. त्याआधी, १७५९ च्या जानेवारीत, तावोरा या उमराव घराण्यातली माणसं राजावरच्या हल्ल्याच्या आरोपावरून हाल करून मारली गेली. पोंबालच्या शहाणपणाला हा वास आहे. तो जात नाही.

गोव्यालाही त्याच हाताची झळ लागली. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगालच्या सगळ्या मुलखांतून हाकललं गेलं. राशोलपासून जुन्या गोव्यापर्यंतची त्यांची विद्यालयं आणि मिळकती सरकारजमा झाल्या. १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन पोंबालने बंद केलं. तो पडल्यावर १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि कायमचं गेलं ते १८१२ मध्ये. त्यानंतर त्याचे बहुतेक कागद मुद्दाम जाळले गेले. लिस्बनमध्ये कागद जाळायला भूकंप लागला होता. गोव्यात हुकूम पुरला. रोगराईने ओस पडलेलं जुनं गोवं पुन्हा उभं करा, असाही फतवा १७७०च्या दशकात लिस्बनहून सुटला होता. ज्याने एक शहर उठवलं त्याला दुसरंही उठेल असं वाटलं. ते उठलं नाही. चर्च उभी आहेत, मधलं शहर नारळींत गेलंय.

उठवलेलं लिस्बन मात्र बघावं असं आहे. मानुएल द माया, एउजेनियो दुश साँतुश आणि कार्लुश मार्देल यांनी खालच्या सखल भागात सरळ काटकोनी रस्ते आखले. ओलसर जमिनीत पाइनच्या लाकडांचे खुंट ठोकले. भिंतींच्या पोटात लाकडी चौकटींचा सांगाडा घातला, फुल्या-फुल्यांनी बांधलेला. त्याला ते पिंजराच म्हणत. भिंतीचा दगड ढासळला तरी पिंजऱ्याने मजला धरून ठेवावा, असा हिशेब. घराघरांच्या मधल्या भिंती छपरांच्या वर काढल्या, म्हणजे आग उडी मारणार नाही. सैनिकांना नमुन्याच्या घराभोवती पाय आपटत फिरवून तो तपासला, असं सांगतात.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण इथे येते ती त्या पिंजऱ्यामुळे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट होत आलेली. मराठवाड्यातल्या त्या घरांना आत लाकडी खण असत, वर मातीचं जड माळवद आणि भोवती दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. कितीतरी ठिकाणी खण उभे राहिले आणि भिंती माणसांवर पडल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. घर बांधणाऱ्याला लाकूड कळत होतं. दगडाला लाकडाशी जखडायचं राहिलं होतं. नंतर लोक दगडाचं नाव काढलं तरी बिचकू लागले, आणि सिमेंटच्या खोल्यांत उन्हाळे काढू लागले.

लिस्बनचे पैसे कुठून आले हेही बघितलं पाहिजे. व्यापाऱ्यांनी आयातीवर चार टक्के जादा पट्टी मान्य केली. राजवाड्याच्या जागी झालेल्या चौकाला म्हणूनच व्यापाराचा चौक असं नाव पडलं. पण खालचा खरा पाया ब्राझीलच्या सोन्याचा, आणि ते खणणाऱ्या गुलामांचा होता. चौकाच्या मध्यभागी जुझे राजाचा अश्वारूढ पुतळा आहे, १७७५ चा. चौथऱ्याच्या एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला हत्ती. हत्तीच्या पायांशी एक माणूस चेंगरलेला. पर्यटक हत्तीपाशी फोटो काढतात. मीही काढला. हत्ती कुठून आला, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तर पोंबाल मला आवडत नाही. त्याची प्रश्नावली आवडते, आणि ती आपल्याकडे हवी होती असं वाटतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्यांना आठवतो ती माणसं आता पासष्टीच्या पुढे आहेत. किल्लारी-सास्तूरचे त्या रात्रीचे तरुण साठीला आले. शास्त्रज्ञांची यंत्रं नोंदायची ते नोंदून मोकळी झाली. कुठली भिंत आधी पडली, गुरं आधी उठली होती का, विहिरीचं पाणी गढूळ झालं का, मदत कितव्या दिवशी आली, त्या रात्री चूल कुणी पेटवली, हे यंत्रात नसतं. तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल तर एक वही घ्या आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा. कसं वाटलं हे विचारू नका, ते आपसूक येईल. हादरा किती वेळ होता, इथून सुरुवात करा.